जळगावला येताय? हॉटेलचं नाव नंतर, आधी वार बघा

प्रश्न : नमस्कार. आम्ही डोंबिवलीचे. जानेवारीच्या शेवटी आम्ही सात जण तीन दिवसांसाठी जळगावला येतोय. मी, नवरा, सासू-सासरे, कॉलेजात शिकणारी दोन मुलं आणि बारा वर्षांचा भाचा. शनिवारी पहाटे गाडीतून उतरणार, रविवार मोकळा, सोमवारी अजिंठा बघून रात्रीच्या गाडीने परत. मुलांना ‘अस्सल खान्देशी झणझणीत’ हवंय, त्यातही मटण. सासऱ्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत आणि भाच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मोबाइलवर शोधलं तर प्रत्येक यादीत वेगळी हॉटेलं, आणि एकाच हॉटेलाखाली ‘एक नंबर’ आणि ‘एकदम बकवास’ शेजारी शेजारी. शिवाय नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा भाऊ यावल तालुक्यात शेती करतो. त्यांनी रविवारी दुपारी शेतावर भरीत पार्टीला बोलावलंय. ओळख एवढीशी आणि आम्ही सात! मला फार अवघडल्यासारखं होतंय. जावं का? आणि दोन-चार चांगल्या हॉटेलांची नावं सांगितलीत तर बरं होईल.

उत्तर :

ताई, सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात. जेवणाचं मागाहून बोलू, पण हे आधी नवऱ्याला सांगा आणि गाडी ठरवली असेल तर दिवस बदलून घ्या. दर मोसमात किमान एक कुटुंब तरी लेण्यांकडे वळणाऱ्या फर्दापूरच्या फाट्यावर सोमवारी जाऊन परत येतं आणि मग त्याचा राग वाटेतल्या ढाब्यावरच्या बिचाऱ्या पोऱ्यावर निघतो.

तर अजिंठा शनिवारी उरका. पहाटे उतरताच आहात. लॉजवर आंघोळी करा, पोहे-कचोरी-जिलेबी जे समोर येईल ते खा आणि साडेसात-आठला निघा. जळगावपासून लेणी साठेक किलोमीटरवर आहेत. नेरी, पहूर करत रस्ता फर्दापूरला जातो. आपली गाडी फाट्याशी ठेवायची आणि पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जायचं. लेणी ९ वाजता उघडतात. सासू-सासऱ्यांना पायऱ्या झेपणार नसतील तर डोलीवाले मिळतात, भाव आधी ठरवून घ्या. सकाळच्या नाश्त्याबद्दल मी यापुढे काही लिहिणार नाही. तो इथे चांगला मिळतो, पण त्यासाठी डोंबिवलीहून यायची गरज नाही.

लेण्यांपाशी जेवण मिळतं, पण ते पोट भरण्यापुरतं. डबा घेऊन जा. जळगावातल्या पोळीभाजी केंद्रात आदल्या दिवशी फोन केलात तर सकाळी सात वाजता कोरडी भाजी, भाकरी आणि दही बांधून देतात. फक्त चटणी कसली ते विचारा, कारण इथे चटणी म्हटलं की ती शेंगदाण्याची असते. इथूनच भाच्याचा विषय सुरू होतो. तुम्ही तो पत्रात शेवटी लिहिलाय, मी तो पहिला घेते.

खान्देशात शेंगदाणा कुठे नाही ते विचारा. भरतात अख्खे दाणे, ठेच्यात दाणे, खिचडीत दाणे, वांग्याच्या भाजीत कूट. काळ्या मसाल्याच्या रश्शाला दाटपणा यावा म्हणून काही ठिकाणी कूट घालतात आणि ते चवीवरून कळत नाही. तळणाचं तेलही बऱ्याचदा शेंगदाण्याचंच. तेव्हा ‘दाणे वरून टाकू नका’ एवढं सांगून भागणार नाही. वेटरला विचारू नका, तो ‘नाही टाकत’ म्हणून मोकळा होतो. आत जाऊन आचाऱ्याला विचारा आणि सरळ सांगा की पोराला दाण्याने त्रास होतो, दवाखान्यात न्यावं लागेल. ‘ॲलर्जी’ म्हटलं की काही जणांना ते नखरे वाटतात. ‘दवाखाना’ म्हटलं की आचारी थांबतो, विचार करतो आणि खरं सांगतो. शेंगदाण्याचं तेल त्याला चालतं की तेही नको, हे त्याच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा आणि त्यांनी दिलेलं औषध बॅगेत न ठेवता खिशात ठेवा. ज्या ठिकाणी आचारी नीट उत्तर देणार नाही, तिथे भाच्याला दही-भात किंवा साधं वरण-भात. तीन दिवसांत दोनदा वरण-भात खाल्ला म्हणून काही बिघडत नाही.

आता हॉटेलांची नावं. ती मी देत नाही, या सदरात कधीच दिलेली नाहीत. तुम्ही स्वतःच लिहिलंय की एकाच हॉटेलाखाली दोन टोकांची मतं आहेत. दोन्ही खरी असतात. आमच्याकडच्या हॉटेलाची चव पाटीत नसते, आचाऱ्याच्या हातात असते, आणि चांगला आचारी लग्नसराईत मोठ्या ऑर्डरीवर जातो, भांडण झालं की शेजारच्या ढाब्यावर जातो, नाहीतर स्वतःचा गाळा टाकतो. मागच्या वर्षी ज्याने तारीफ लिहिली त्याने जेवलेला रस्सा यंदा दुसऱ्याच पाटीखाली शिजत असू शकतो. म्हणून मी तुम्हाला पदार्थ सांगते, त्यांच्या वेळा सांगते आणि कुणाला काय विचारायचं ते सांगते.

विचारायचं असं. लॉजवाल्याला किंवा रिक्षावाल्याला ‘इथे चांगलं हॉटेल कुठलं’ असं विचारलंत तर तो तुम्हाला एसी हॉल आणि पनीरचे वीस प्रकार असलेल्या ठिकाणी नेऊन सोडेल. त्याचा त्यात दोष नाही, पाहुण्यांना तेच आवडतं अशी त्याची समजूत आहे. त्याऐवजी औषधाच्या दुकानात, बँकेत, कापडाच्या दुकानात, म्हणजे जिथे घरसंसारवाला माणूस काउंटरमागे उभा असतो तिथे विचारा : ‘रविवारी घरी पार्सल आणायचं झालं तर तुम्ही शेवभाजी कुठून आणता?’ जळगावात पार्सलची शेवभाजी आणणं हा घरोघरचा प्रकार आहे. रस्सा एका पिशवीत आणि शेव दुसऱ्या पिशवीत. चपात्या घरच्या. त्या माणसाला स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या बायकोपोरांसाठी आणायचं असतं, त्यामुळे तो खोटं सांगत नाही. दोन-तीन जणांनी एकच नाव घेतलं की तिथे जा.

मुलांच्या ‘अस्सल झणझणीत’बद्दल थोडं बोलायला हवं. हल्ली मोबाइलवर खान्देश म्हणजे शेवभाजी आणि शेवभाजी म्हणजे दोन बोटं तेलाची लालभडक तर्री, असं एक चित्र तयार झालंय. शेवभाजी आमचीच आहे, मलाही आवडते. पण ती मुळात भाजी नसताना, अवेळी आलेल्या माणसासाठी, ढाब्यावर पटकन होणारी गोष्ट. घरात रोज कुणी करत नाही. तिची परीक्षा तिखटावर करू नका, मसाल्यावर करा. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजलेलं, धणे, दगडफूल, लवंग, मिरी, तमालपत्र, वर आलं-लसूण-कोथिंबीर. हे सगळं नीट भाजून वाटलेलं असलं की रस्सा काळसर दिसतो आणि घशाला न लागता पोटात ऊब देतो. रंग नुसताच लाल असेल आणि पहिल्या घासालाच कानातून धूर निघत असेल तर आचाऱ्याने भाजायचा कंटाळा करून मिरची पूड ओतलीय असं समजा.

शेव जाड आणि तिखट असते. फरसाणातली बारीक शेव टाकली तर लगदा होतो. जाड शेवसुद्धा रश्शात पाच मिनिटं राहिली की फुगते. तेव्हा ‘शेव वेगळी आणा’ म्हणून सांगा आणि दोन-दोन घासांपुरती टाकत खा. वेटर हसणार नाही, उलट तुम्हाला इथलेच समजेल. ‘तिखट कमी करा’ मात्र सांगू नका. रस्सा सकाळीच पातेलंभर करून ठेवलेला असतो, तुमच्या ताटापुरता तो कमी तिखट कसा करणार? ते पाणी घालतात आणि तुम्हाला पातळ, बेचव रस्सा मिळतो. ‘तर्री वेगळी द्या’ म्हणा. वरचं तेल काढून दिलं की निम्मं तिखट जातं, आणि मुलांना हौस असेल तर तीच वाटी त्यांच्याकडे सरकवा.

शेवभाजीच्याच मसाल्यात पाटोड्या आणि डुबुकवडे असतात. पाटोडी म्हणजे बेसन शिजवून, थापून, वड्या पाडून रश्शात सोडलेली. डुबुकवड्यांत बेसनाचं पीठ थेट उकळत्या रश्शात सोडतात. दोन्ही शेवभाजीपेक्षा सौम्य लागतात, कारण बेसन तिखट ओढून घेतं. पाटीवर लिहिलेलं असलं तर एक मागवून बघाच. माझं मत विचाराल तर पाटोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी याची सर शेवभाजी-चपातीला नाही.

मटण शनिवारी रात्री घ्या. रविवारी दुपारी तुम्ही शेतावर असणार (हो, जायचंच आहे, त्यावर येते) आणि त्यानंतर रात्री कुणाला भूक लागणार नाही. सोमवारी बरेच जण खात नाहीत, त्यामुळे खानावळीत उठाव कमी असतो आणि आदल्या दिवशीचा रस्सा गरम होऊन येण्याची शक्यता जास्त. शनिवारी अजिंठ्याहून परतल्यावर तुम्ही, नवरा आणि मुलं मटणाच्या खानावळीत जा, बाकीच्या तिघांचं जेवण लॉजजवळ करा. सातही जणांनी प्रत्येक वेळी एकाच टेबलावर बसलं पाहिजे हा हट्ट सहलीत सोडावा. निम्मी भांडणं त्याने मिटतात. मटणाबरोबर हिवाळ्यात बाजरीची भाकरी मिळाली तर ती घ्या. मोठी खानावळ शोधू नका, जिथे मटण, कोंबडी, अंडा आणि फार तर सुकं एवढंच फळ्यावर लिहिलंय तिथे बसा. आणि ‘चुलीवरचं’ या पाटीला भुलू नका. हल्ली हायवेवर दर दुसऱ्या ढाब्यावर ती पाटी आहे आणि मागे गॅसची शेगडी. चूल असली तर धूर दिसतो, एवढं साधं आहे.

आता त्या तिघांचं. तुम्हाला वाटतंय की सासू-सासऱ्यांना इथे खायला काही मिळणार नाही. खान्देशाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हाच. आमच्या घरातलं रात्रीचं जेवण काय असतं सांगू? खिचडी-कढी. तूरडाळीची मऊ खिचडी, वर चमचाभर फोडणीचं तेल किंवा तूप, कढी आणि पापड. आठवड्यातले कितीतरी दिवस कितीतरी घरांत हेच. सासऱ्यांना शनिवारी रात्री हे द्या. फोडणीच्या तेलाऐवजी तूप सांगा आणि भाच्याच्या ताटात दाणे नाहीत ना ते बघा. सासूबाईंसाठी ‘बिनकांदा-लसूण’ असं स्पष्ट सांगा. जळगावात जैन आणि मारवाडी समाज मोठा आहे, त्यामुळे ही मागणी कुणाला नवी नाही आणि वेगळं करून देणारी ठिकाणं बरीच आहेत.

आणि सोमवारी दुपारी सगळ्यांनी मिळून वरण-बट्टी खा. ही आमची लग्नाची, भंडाऱ्याची, सणाची पंगत. गहू जाडसर दळून आणायचे, त्यात थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, मोहन. वळकटी करून वाफवायची, कापायची आणि मग तळायची. काही घरांत गोवऱ्यांवर भाजतात, त्या बट्टीचा स्वाद निराळा. तिच्यावर तुरीचं घट्ट वरण, तुपाची धार, बाजूला वांग्याची घोटलेली भाजी. वरणात तिखट जवळजवळ नसतं. सासूबाईंना चालेल, सासऱ्यांना चालेल (बट्टी दोनच तुकडे, पोटाला जड असते), भाच्याला वरण चालेल, बट्टीचं तळण कुठल्या तेलाचं ते विचारून. मुलं आधी नाक मुरडतील आणि मग तीनदा मागतील. काही ठिकाणी वरण-बट्टी ठरावीक वारीच करतात, म्हणून शनिवारीच फोन करून ‘सोमवारी आहे का’ हे विचारून ठेवा. बारा ते दीडच्या दरम्यान पोहोचा. दोननंतर बट्टी कडक झालेली असते.

खापरावरचे मांडे मात्र या खेपेला मिळालेच तर खा, मागे लागू नका. त्यांचा खरा मोसम आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आमरसाबरोबर. मातीचं खापर चुलीवर पालथं घालून त्यावर हातावर लांबवलेली पुरणाची पोळी टाकायची, हे काम फार थोड्या बायकांच्या हातात राहिलंय. हिवाळ्यात शहरात बचत गटांची प्रदर्शनं लागतात, त्यांत एखादी मावशी खापर मांडून बसलेली असते. तुमच्या तारखांना असं काही चालू असेल तर लॉजवाल्याला नक्की माहीत असेल. मांडा तिथेच गरम, दुधातुपाबरोबर खायचा. घडी घालून पिशवीत आणलेला मांडा म्हणजे नुसती गोड पोळी. खाणं बाजूला राहू द्या, सासूबाईंना हा प्रकार नुसता बघायलाही आवडेल.

आता भरीत पार्टी.

जा. अवघडून घेऊ नका. तुम्हाला वाटतंय की सात माणसं म्हणजे यजमानांवर ओझं. घरी जेवायला बोलावलं असतं तर मीही विचार करायला सांगितलं असतं. पण शेतावरचं भरीत चार माणसांसाठी होतच नाही. वांगी किलोंनी येतात, काड्यांचा जाळ एकदाच पेटतो, आणि त्यावर पाच किलो भाजा की पंधरा, कष्ट जवळपास तेवढेच. नातेवाईक, शेजारचे शेतकरी, मुलांचे मित्र असे लोक जमतातच. सात पाहुणे त्यात विरघळून जातात. ओझं होतं ते वेगळ्याच गोष्टीने : येतो म्हणून सकाळी न येण्याने, किंवा एकला बोलावल्यावर तीनला उगवण्याने. गुरुवारीच फोन करून सात आकडा सांगा आणि वेळेवर पोहोचा. तापी ओलांडून पलीकडे जायचंय, रस्त्यात ट्रॅक्टर आणि केळीचे ट्रक असतात, हाताशी वेळ ठेवून निघा.

तिथे काय बघायला मिळेल ते आधी सांगते, म्हणजे मुलं मोबाइल काढून काय टिपायचं ते ठरवतील. भरताचं वांगं मोठं, हिरवट पांढरं, बी कमी. जांभळं नव्हे. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. बामणोद, भालोद, असोदा ही त्या वांग्यांसाठी नावाजलेली गावं. असोदा बहिणाबाई चौधरींचं माहेर, हे सासूबाईंना सांगा. वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. हिवाळ्यात कापूस वेचून झालेला असतो, काड्या शेतात पडून असतात आणि वांगी त्याच वेळी चवीला येतात, म्हणून हा थंडीतला खेळ. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही आणि साल जळली तरी आतला गर कच्चा राहतो. भाजून सोललेला गर बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, घालून मुसळीने ठेचतात. मिक्सरमध्ये फिरवला की चिकट होतो, बडगीत त्याचे तंतू राहतात. मग तेलात लसूण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो नाही. कुणी टोमॅटो घातलेलं भरीत खान्देशी म्हणून वाढलं तर खा, पण त्याला भरीत म्हणू नका. बरोबर कळण्याची भाकरी किंवा पुरी. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलं की ते कळण. वर कांदा, मुळा, दही. केळीचा पट्टा आहे, पानंही बहुतेक केळीचीच असतील.

तुम्हाला आता कळलं असेल की या एका पदार्थात तुमच्या घरच्या तिन्ही अडचणी एकत्र आहेत. लसूण-पात सासूबाईंना नको, मिरची सासऱ्यांना नको, दाणे भाच्याला नकोत. उपाय एकच आणि तो अगदी सोपा आहे. गुरुवारच्या फोनवरच यजमानांना, खरं तर त्यांच्या घरातल्या वहिनींना सांगा : ‘भाजलेल्या तीन-चार वांग्यांचा गर बडगीत घालायच्या आधीच वेगळ्या स्वच्छ भांड्यात काढून ठेवाल का? एकाला दाण्याने त्रास होतो.’ त्यात मीठ, कोथिंबीर, दही घालून हातानेच कालवायचं. हे कच्चं भरीत, तेही आमच्याकडे आवडीने खातात. पुरीऐवजी तिघांनी भाकरी घ्यावी, म्हणजे तळणाच्या तेलाचा प्रश्नच येत नाही. हे आयत्या वेळी सांगितलं तर बडगीला दाणे लागलेले असतात आणि वहिनींची धांदल उडते. आधी सांगितलं तर त्यात काही विशेष नाही. भाच्याचं पान पंगतीच्या टोकाला मांडा आणि त्याच्या पानावर तुम्ही स्वतः वाढा, कारण आग्रह करणारा प्रत्येक जण हातात भरताचं पातेलं घेऊन येणार आणि त्या प्रत्येकाला ॲलर्जीची गोष्ट माहीत असणार नाही.

आग्रह होणारच. ‘नको’ हा शब्द इथे ‘थोडं वाढा’ असा ऐकला जातो. खरंच नको असेल तर पानावर हात आडवा धरा. पहिल्या वाढीत पोट भरू नका, दुसरी वाढ नाकारणं यजमानांना लागतं. मुलांना ठेचा चाखायचा असेल तर भाकरीच्या तुकड्याच्या टोकावर, जिभेवर थेट नको. तिखट लागलं तर पाणी पिऊ नका, दही खा किंवा गूळ मागा.

रिकाम्या हाताने जाऊ नका, पण केळी नेऊ नका. हसू नका, मुंबईकडचे पाहुणे यावल-रावेरला जाताना जळगाव स्टेशनवरून डझनभर केळी घेऊन गेलेले आहेत. तुमच्याकडचं काही न्या : ओल्या नारळाच्या वड्या, आमसुलं, कोकणातली एखादी चीज. पैसे देऊ करू नका, त्याने ते दुखावतील. साडी-चोळी असले मोठे देणेघेणेही नको, ओळख नवी आहे. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी गोष्टींची पुस्तकं न्या. आणि निघताना वांगी देतील, ती घ्या.

काही कारणाने पार्टी रद्द झाली तरी काळजी नको. जळगावात हिवाळ्यात भरीत सेंटरं जोरात असतात. काड्यांवर भाजलेलं भरीत किलोवर मिळतं, सोबत कळण्याच्या पुऱ्या आणि ठेचा. संध्याकाळी गर्दी असते, सहाच्या आत गेलात तर ताजं हाती लागेल. लॉजवर आणून खा. सासूबाईंसाठी ‘फोडणीशिवायचं’ मागा, नुसता ठेचलेला गर वेगळा देतात का ते विचारा.

सोमवारी दुपारनंतर बाजार. काय न्यायचं ते थोडक्यात. मेहरूणची बोरं जानेवारीत हातगाड्यांवर दिसतील, ती घ्याच. केळीचे वेफर्स जिथे समोर तळतात तिथूनच, पिशवीत बंद ठेवलेले नकोत. बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि नागलीचे पापड उन्हाळ्यात वाळवलेले असतात, जानेवारीत मागच्या उन्हाळ्याचेच मिळतात, त्याने काही फरक पडत नाही. एक बिबडी मोडून वास घ्या, खवट नसेल तर घ्या. शेवभाजीची जाड शेव पाव किलो पुरे. काळा मसाला घ्यायचा तर बचत गटाकडचा किंवा डंकावर (कांडप यंत्रावर) कुटलेला घ्या, छापील पाकिटातला नको, आणि त्यात कूट नाही ना हे विचारा. नंदुरबारची मिरची आणि नवापूरची तूरडाळ जळगावातही मिळते, जागा उरली तर डाळ न्या.

भरीत डोंबिवलीला न्यायचं असेल तर गाडीच्या वेळेच्या तासभर आधीच घ्या, दुपारी घेऊन ठेवू नका. पात आणि कांदा न घातलेलं मागा, डबा गार होऊ द्या, मगच झाकण लावा आणि सकाळी घरी पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा. डब्यावर चिठ्ठी लावा आणि भाच्याच्या खाऊच्या पिशवीत तो चुकूनही ठेवू नका.